सीतादहीची मूठ

माझा धंदा संशयाचा. सव्वीस वर्षं मी पाथरी रोडवरच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकावर लोखंडी खुर्ची टाकून लोकांच्या कापसावर संशय घेत बसलोय. ग्रेडर म्हणतात मला. कापसाची गाडी आली की फाटकातच थांबवायची, कोपरापर्यंत हात आत खुपसायचा, तळातली मूठ ओढून काढायची आणि सांगायचं: एक नंबर, दोन नंबर, नाहीतर कवडी. कवडी म्हणजे डागाळलेला, किडका, धड न उकललेला माल. कवडी म्हटलं की भाव पडला. त्यामुळं माणूस गाडीतून उतरायच्या आधी माझं तोंड वाचायचा, आणि मीही मुद्दाम तोंड वाकडं करून बसायचो.

वरचा कापूस मी कधी बघितलाच नाही. वर सगळ्यांचाच पांढरा असतो. वरून कीर्तन, आतून तमाशा. वजन वाढावं म्हणून पाणी शिंपडलेलं, मध्ये शेवटच्या वेचणीचा रद्दी माल कोंबलेला. एकदा तर एका ट्रॉलीच्या तळातून आख्खा वरवंटा निघाला. मी तो हातात घेऊन उभा, आणि ट्रॉलीचा मालक तोंडावरची माशी न हलू देता म्हणतो, "आरं तिच्या, ह्यो इथं हाय व्हय! बायको चार दिस झालं हुडकायलीय घरात." मी हसलो नाही. घरी जाऊन हसलो.

काम तसं साधं होतं. मूठ आवळायची आणि सोडायची. वाळलेला कापूस फुलून वर येतो, ओला गप्प पडून राहतो. मग दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढायचा, किती लांब आणि किती चिवट ते बघायचं. शेवटी सरकी दाताखाली धरायची. कट् वाजली तर माल सुका. माझे पुढचे दोन दात सरक्या फोडून फोडून झिजलेत. दातांच्या डॉक्टरनं विचारलं होतं, सुपारी खाता का? म्हटलं, नाही, लोकांचं इमान तपासतो.

माझी थोरली बहीण पोखर्णीच्या अलीकडच्या एका खेड्यात दिलेली. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिच्या गावात व्यापारी दारात येऊन कापूस नेतात, पण वर्षाची पहिली गाडी ती माझ्याच फाटकावर आणायची. "तुझा हात लागल्याबिगर माझा हंगाम सुरू होत न्हाई," असं तिचं म्हणणं. लोकांना वाटायचं, भावाचं फाटक हाय, आंधळा एक नंबर मिळत असंल. कशाचं काय! एका वर्षी मी तिच्या गाडीला सगळ्यांसमोर दोन नंबर दिला. मूठ दाबली तर फुललीच नाही, मी तरी काय करू? ती गाडी रिती करून गेली. भाऊबीजेला ओवाळताना मात्र ताट हातात धरून म्हणाली, "खरं बोललास. दवात वेचला होता मी, घाई होती." आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिली गाडी माझ्याच फाटकावर. तेवढ्यासाठी मी ती खुर्ची सोडली नसती.

आता सीतादहीचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथूनच झालं. आमच्याकडं पहिल्या वेचणीला रानात सीतादही करतात. बाया पाच खडे मांडतात, हळदीकुंकू वाहतात, दहीभाताचा निवद दाखवतात, आणि मगच पराटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, हात लावतात. पहिल्या वेचलेल्या मुठीला हळदीकुंकू लावायचं आणि पहिली गाडी भरली की ती मूठ वर ठेवून द्यायची. फाटकावर आली की ग्रेडरनं ती मूठ उचलून कपाळाला लावायची, बाजूच्या टोपलीत ठेवायची आणि मग कापसात हात घालायचा. हे कुणी कुठं लिहून ठेवलेलं नाही. मला माझ्या आधीच्या ग्रेडरनं सांगितलं, त्याला त्याच्या आधीच्यानं. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात माझं कपाळ रोज पिवळं असायचं.

दोन हंगामांमागं आमच्या फाटकावर ती पेटी आली.

मालकानं सांगितलं, आता बाहेरदेशीचे खरेदीदार दाबून बांधलेल्या कापसाच्या नुसत्या गठाणी घेत नाहीत. प्रत्येक गठाणीवर चौकोनी ठिपक्यांचं चिठोरं पाहिजे. तिथं बसलेल्या माणसानं त्याच्यावर फोन धरला की ह्या गठाणीतला कापूस कसा होता, ओल किती होती, धागा केवढा होता, सगळं फोटोसकट दिसलं पाहिजे. "तुमच्या हाताला इथं किंमत हाय," मालक म्हणाला, "तिकडं हाताला कोण विचारतंय? तिकडं रिपोर्ट लागतो." मालक वाईट माणूस नाही. पण गोड बोलणाऱ्याचा कापूस मी दोनदा तपासतो.

पेटीत कॅमेरा होता, दिवे होते, ओल बघायची सुई होती. पुढं हे सगळं फाटकाच्या कमानीवर चढणार होतं आणि एक लोखंडी नळी गाडीत खोल जाऊन माझ्यासारखीच तळातली मूठ ओढून आणणार होती. जिनिंगमधले सगळे त्याला 'डोळा' म्हणायला लागले. ढिगावर कचरा वेचणाऱ्या बायांना तर उधाणच आलं. एक जण येता-जाता खुर्चीकडं बघून म्हणायची, "काय हो, सवत आली म्हणं तुमची? नांदवून घ्या बरं!" दुसरी म्हणायची, "सवत बी आशी की चहा मागत न्हाई, तंबाखू खात न्हाई." मी त्यांच्यावर खेकसायचो. खेकसलं की त्या अजून हसायच्या.

डोळ्याबरोबर एक इंजिनीअर मुलगी आली होती. सांगलीकडची, ऊसवाल्यांच्या घरातली. कापूस तिनं आजवर फक्त गादीत बघितलेला. पण कामाला वाघीण. सकाळी माझ्या आधी हजर. तिनं सांगितलं, "काका, ह्या मशीनला अजून काहीच येत नाही. तुम्ही मूठ बघायची, ट्रेमध्ये ठेवायची आणि तोंडानं सांगायचं, हे एक नंबर का, हे कवडी का. ती फोटो काढील, मी तुमचं बोलणं रेकॉर्ड करीन. तुम्ही म्हणाल ते तिला खरं."

मी मनात म्हटलं, वा! सुरीला धार लावायला बकऱ्यालाच बोलावलंय.

तरी हंगामाआधीचे दोन आठवडे शिल्लक मालावर मी इमानानं शिकवलं. खोटं कशाला सांगू, मजासुद्धा आली. इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं की तुला कळतं कसं. मालकाला उत्तर पाहिजे असायचं, शेतकऱ्याला भाव. ही मुलगी विचारायची, "काका, हे दोन्ही मला सारखेच दिसतात, तुम्हाला फरक कुठं दिसला?" मग मी सांगायचो. सांगता सांगता माझं मलाच नवं काही सापडायचं. ती सगळं वहीतसुद्धा उतरून घ्यायची. एकदा तिनं सरकी दाताखाली धरून फोडली आणि तोंड कडू करून म्हणाली, "हे मात्र मशीनला शिकवता येणार नाही." त्या दिवशी घरी जाताना मला लय बरं वाटलं.

मग एका दुपारी मी पाण्याच्या टाकीमागं हात धुवत होतो. मालक पलीकडं फोनवर कुणाला तरी सांगत होता, "एवढा एक हंगाम शिकू द्या तिला. पुढच्या वर्षी फाटकावर माणूस लागायचा न्हाई."

हात धुवायचे तसेच राहिले. मला राग आला, इतका की कानशिलं तापली. कोपरापर्यंत हात माझा गेला, दात माझे झिजले, शिव्या मी खाल्ल्या. आणि आता माझ्याच तोंडून सगळं काढून घेऊन मलाच उठवणार? बरं बाबांनो. तुमाला शिकवणी पाहिजे ना? घ्या शिकवणी.

दुसऱ्या दिवशी पहिल्या वेचणीच्या गाड्या सुरू झाल्या. एका गाडीवरची हळदीकुंकवाची मूठ मी उचलली. टोपलीत ठेवणार, तेवढ्यात ती मुलगी म्हणाली, "काका, ही हळद का हो? पूजेची?"

तिच्याकडं सीतादही नसतेच. उसाला कसली सीतादही? ही मूठ बाजूला काढायची असते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं असतं तर कळलं असतं. मी ती मूठ टोपलीत न ठेवता ट्रेमध्ये ठेवली.

"हळदच," मी म्हटलं. "पण डाग म्हणजे डाग. सरकी काढल्यावर रुईत गेला की गठाण नासली. पिवळं दिसलं की सगळी गाडी कवडी."

"सगळी गाडी?"

"सगळी."

तिनं वहीत लिहून घेतलं. त्या आठवड्यात जेवढ्या मुठी आल्या, तेवढ्या मी ट्रेमध्ये ठेवल्या आणि प्रत्येक वेळी तेच बोललो. गाड्यांचे खरे नंबर तेव्हा मीच देत होतो, त्यामुळं कुणाचं नुकसान झालं नाही. माझा हिशेब सोपा होता. पुढच्या हंगामात डोळा कमानीवर चढणार. पहिल्याच आठवड्यात निम्म्या गाड्या हळदीकुंकू लावून येणार. डोळा एकेक गाडी कवडीत काढणार. लोक खवळणार, देवाधर्माला डाग म्हणतो म्हणून कमान पाडायला निघणार. मग मालक हात जोडून माझ्याकडं येणार. आमची माणसं मला माहीत. एका नंबरासाठी माझ्याशी अर्धा अर्धा तास भांडणारी माणसं ती, डोळ्याला काय सोडतात?

मला आठवतं, त्या वर्षी मी एकदम खुशीत होतो. बायांना वाटलं, सवत नांदवून घेतली.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर हंगाम उघडला. कमानीवर डोळा बसला. फाटकाच्या बाजूला टीव्हीएवढा पडदा लागला, गाडीचा फोटो आणि नंबर सगळ्यांना दिसावा म्हणून. माझी खुर्ची अजून होती, पण मालकानं ताकीद दिलेली: गाडी डोळ्याखालून जाईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मी म्हटलं, मला काय, मी गंमत बघायला बसलोय.

पहिली गाडी चारठाण्याची. एवढ्या लांबून तो माणूस दर वर्षी यायचा आणि दर वर्षी माझ्याशी भांडायचा. एकदा तर त्यानं माझी गचांडी धरली होती. त्याच्या कापसावर हळदीकुंकवाची झकास मूठ. गाडी कमानीखाली थांबली, नळी आत जाऊन आली, आणि पडद्यावर हळदीचा तुकडा ताटाएवढा मोठा होऊन दिसला. भोवती लाल चौकट. खाली अक्षरं: कवडी.

मी खुर्चीत सावरून बसलो. आता बघा म्हटलं.

तो माणूस पडद्याकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मशीनचं आन् माझं काय वैर हाय का? आसंल बाबा, खरंच आसंल." आणि खिशातून फोन काढून बायकोवर ओरडायला लागला, "कुणी सांगितलं होतं तुला हळद लावाया? समदा माल नासवलास!"

मी बघतच राहिलो. ज्या माणसानं माझी गचांडी धरली, तो पडद्यापुढं मान खाली घालून उभा! मी कवडी म्हटलं असतं तर त्यानं माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या. माझ्या तोंडाला मन असतं, लालच असते, वशिला असतो. हे त्याला माहीत, म्हणून तो भांडायचा. काचेला कशाचं काय असणार? त्यानं गाडी ढिगावर रिती केली आणि गेला.

दुसरा तसाच. तिसऱ्यानं लांबूनच पडदा बघितला, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि गळ्यातल्या टॉवेलनं कुंकू पुसायला लागला. पुसून पुसून त्यानं वीतभर डागाचा हातभर केला. कवडी. तोही भांडला नाही. उलट जाताना मला म्हणाला, "तुमी बरे होता, पण ह्याच्यापुढं कुणाचं चालत न्हाई बगा."

तिघांचाही माल एक नंबर होता. मला लांबूनच दिसत होता. मी उठून एवढंच म्हणायचं होतं की थांबा, ही मूठ काढा आणि पुन्हा बघा. पण मग मालकानं विचारलं असतं, तुमी तर उलटं शिकवलंय. मग खुर्ची तर जाणारच, वर तोंडाला काळं. मी स्वतःला सांगितलं, अजून दोन-चार गाड्या जाऊ दे, कुणीतरी पेटेल. कुणीच पेटलं नाही.

चौथी गाडी पिकअप होती. पुढच्या सीटवर अक्का.

ती दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर यायची. मी हिशेबातच धरलं नव्हतं तिला. खाली उतरली ती मांडीवरचा डबा सांभाळत. "दहीभात हाय सीतादहीचा, तुला आणलाय," म्हणाली. मग आवाज बारीक करून: "लोक म्हणायलेत, तुझ्या खुर्चीवर मशीन बसणार. म्हटलं, यंदा पैल्या दिशी जावं. पैली मूठ तुझ्या हातात द्यावी, तुझी खुर्ची टिकंल. चार बाया जास्तीच्या लावल्या वेचाया."

मी मागं बघितलं. कापसावर मूठ होती. दोन ओंजळींची असेल, हळदीनं माखलेली. माझ्या खुर्चीसाठी.

मी धावलोच. पिकअपच्या चाकावर पाय ठेवून मूठ उचलायला हात घातला, तर मालकाचा आवाज: "हात काढा! आधी डोळ्याखालून जाऊ द्या." ड्रायव्हरनं गाडी पुढं घेतली. लाल चौकट. कवडी.

अक्काला वाचता येतं. तिनं पडदा वाचला आणि हसली. "काय बी काय? दादा, तू बघ रं," मला म्हणाली. ती मला एरवी नावानं हाक मारते; दादा फक्त लोकांसमोर, माझा मान राहावा म्हणून. "माझा भाऊ सांगंल," ती मालकाला म्हणाली. "त्यानं कवडी म्हटलं तर मी गुमान जाते."

मी हात घातला. मूठ दाबली, सोडली, फुलून वर आली. सरकी फोडली, कट् वाजली. म्हटलं, "एक नंबर."

इंजिनीअर मुलगी ऑफिसातून बाहेर आली होती. ती बिचारी गोंधळली. "पण काका, हळदीचा डाग असेल तर सगळी गाडी कवडी, असं तुम्हीच सांगितलंय ना?" तिच्या मनात काही नव्हतं. तिनं लॅपटॉप उघडला, शोधलं आणि लावलं.

माझाच आवाज आला. खणखणीत. "डाग म्हणजे डाग. पिवळं दिसलं की सगळी गाडी कवडी." मग पुन्हा, दुसऱ्या दिवसाचा. पुन्हा तिसऱ्या दिवसाचा. ढिगावरच्या बाया हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या.

अक्का त्या लॅपटॉपकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होती. "ह्यो तर तुझाच आवाज हाय," ती म्हणाली. "खरं हाय का ते?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी हो म्हटलं असतं तर तिचा माल कवडीत जाणार आणि माझी अब्रू राहणार. ती गुमान गेलीही असती, तिनं तसं सांगितलंच होतं. खरं सांगतो, एक क्षण माझी जीभ तिकडं वळली होती.

"न्हाई," मी म्हटलं. "खोटं हाय. मीच तिला खोटं शिकवलंय."

मग मी सगळं ओकलो: मूठ टोपलीत ठेवायची असते, मी ट्रेमध्ये ठेवली, का ठेवली. मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं रागावली. ती म्हणाली, "काका, ही शिकवणी फक्त इथली नाहीये. बाकीच्या जिनिंगलाही हीच पाठवलीय आम्ही. तुमचा हात चांगला म्हणून." आणि फोन कानाला लावून आत पळाली. म्हणजे कुठल्या कुठल्या गावांत, मी कधी न बघितलेल्या फाटकांवर, माझं खोटं माझ्या आधी जाऊन बसलं होतं. तिथंही कुणीतरी बायकोवर ओरडत असणार.

मालक शिव्या देईल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "पंचवीस वर्षं तुमच्या हातावर मी डोळे मिटून बसलो," आणि ऑफिसात गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अक्का जवळ आली. "माझ्या आधी किती गाड्या गेल्या?"

"तीन."

"त्यांचं काय?"

मी ढिगाकडं बोट दाखवलं. तिघांचा कापूस रद्दीत मिसळून गेला होता. त्यातून त्यांचा कापूस आता कुणाचा बाप वेगळा काढू शकला नसता.

ती ढिगाकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळून अगदी शांतपणे विचारलं, "मी आले नसते तर बोलला असतास का रं?"

मी खाली बघितलं. मग तिनं पिकअपवर चढून आपली मूठ स्वतःच उचलली आणि पदरात बांधली. डबा खुर्चीवर ठेवला. गाडी पुन्हा डोळ्याखालून गेली आणि एक नंबर लागला. ती गेली.

मुलीनं अर्ध्या तासात सगळं दुरुस्त केलं. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली: मूठ कशी असते, कुठं ठेवतात, ती कशी सोडून द्यायची. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की डोळ्याला एवढंच यायचं राहिलं होतं. तेही मीच शिकवलं. मालकानं मला काढलं नाही. खुर्ची ठेवली, काम बदललं. आता गाडी आली की मी सीतादहीची मूठ उचलून टोपलीत ठेवायची, बस्स. कपाळाला लावायचं मी सोडून दिलंय. चारठाण्याच्या त्या माणसाला मी निरोप धाडला होता, दोनदा. तो आला नाही.

माझा डोळ्यावर अजून विश्वास नाही, हेही सांगून टाकतो. लोक म्हणतात, तुमची खोड जात नाही. नाहीच जात. मी एका खुर्चीपायी खोटं शिकवलं आणि तीन माणसांनी मान खाली घालून ते खरं मानलं. उद्या कुठंतरी गार खोलीत बसलेला कुणी बडा माणूस खुर्चीहून मोठ्या गोष्टीसाठी त्याला काही शिकवील, तेव्हा त्याच्या फाटकावर त्याची बहीण येणार आहे का? मी इंजिनीअर मुलीला हे विचारलं होतं. ती म्हणाली, "काका, आम्ही तपासतो ना." चांगली मुलगी आहे. पण मी अजूनही मालक नसताना एखादी मूठ दाबून बघतो, सरकी फोडून बघतो. बहुतेक वेळा डोळा बरोबर असतो. त्याचाही मला संशय येतो.

यंदा अक्का दिवाळीच्या तोंडावर आली. मधल्या वर्षात ती बोलत नव्हती असं नाही. भाऊबीजेला ओवाळलं, पोरांची चौकशी केली, जेवायला वाढलं. मीही मनात म्हटलं, विसरली.

पिकअप फाटकात थांबली. वर मूठ नव्हती. मी विचारलं, "सीतादही केली न्हाई का?"

"केली की. रानातच ठेवली मूठ."

मालक गावाला गेला होता. मी पुढं झालो, कोपरापर्यंत हात आत घातला, तळातली मूठ ओढली. दाबली, सोडली. अशी फुलली की काय सांगू. धागा चांगला लांब. सरकी दाताखाली वाजली. इतक्या वर्षांत तिचा एवढा चांगला कापूस मी बघितला नव्हता.

"अक्का," मी म्हटलं, "एक नंबर हाय."

तिनं मान हलवली. मग पदर सारखा केला, वळली आणि पडद्याकडं बघत उभी राहिली.